इमर्जन्सी दाबली की ड्रायव्हर का जातो? स्टेपर मोटरचा उलटा व्होल्टेज आणि त्यावरचे उपाय

प्रश्न अंबाजोगाईजवळच्या एका फर्निचर वर्कशॉपमधून आला आहे. विचारणाऱ्याने चार बाय आठ फुटांचं, संगणकाने चालणारं सीएनसी राउटर स्वतः बांधलंय. दरवाजे आणि देवघरांचं कोरीवकाम त्यावर चालतं. नेमा २३ मापाच्या चार स्टेपर मोटर (प्रत्येक पल्सला एकेक पाऊल फिरणाऱ्या) आहेत, प्रत्येकी २.८ अँपिअरच्या: एक्सला एक, वायला दोन, झेडला एक. मोटरना करंट देणारे चार टीबी ६६०० ड्रायव्हर आणि ३६ व्होल्टचा एक एसएमपीएस, म्हणजे डीसी पॉवर सप्लाय. वेग वाढावा म्हणून एसएमपीएसचा ट्रिमपॉट फिरवून त्याने व्होल्टेज ३९ वर नेलंय. आधी तीन ड्रायव्हर गेले. पहिला, गँट्री (कटर वाहणारी सरकती चौकट) रॅपिडमध्ये, म्हणजे न कापता पूर्ण वेगाने, पळत असताना इमर्जन्सी बटण दाबलं तेव्हा. दुसरा, बिघाड कुठल्या अक्षात आहे हे बघायला मशीन चालू ठेवूनच मोटरचे प्लग अदलाबदल केले तेव्हा. तिसरा, कोरीवकाम शांतपणे चालू असताना, कुणी हातही लावला नव्हता तेव्हा. मग "मोटर उलटा करंट मारते, कॉइलवर डायोड टाक" असा सल्ला त्याला मिळाला. त्याने १एन४००७ टाकले आणि चौथा ड्रायव्हर चालू करताक्षणी गेला. आता विचारतो, "सर, मग नेमका कोणता डायोड लावू?"

भाऊ, आधी कॉइलवरचे सगळे डायोड काढा. ते लावून मशीन एकदाही चालू करू नका.

रिलेच्या कॉइलवर डायोड लावतात, कारण तिथे करंट एकाच दिशेने जातो. तुमची मोटर बायपोलर आहे. तिच्या प्रत्येक कॉइलमध्ये ड्रायव्हर करंट कधी इकडून तिकडे, तर कधी तिकडून इकडे पाठवतो. एका दिशेला डायोड बंद राहील, दुसऱ्या दिशेला तो कॉइलच्या दोन टोकांमधला सरळ शॉर्ट होईल. ड्रायव्हरने ३९ व्होल्ट त्या शॉर्टवर सोडले. चौथा ड्रायव्हर उलट्या करंटने मेलेला नाही, डायोडने मेला.

उलट्या करंटला जायला वाट ड्रायव्हरमध्ये आधीपासून आहे. प्रत्येक कॉइलसाठी आत चार मॉस्फेटचा (इलेक्ट्रॉनिक स्विचचा) एच-ब्रिज असतो, तोच करंटची दिशा बदलतो आणि प्रत्येक मॉस्फेटच्या अंगातच एक डायोड असतो. ब्रिज बंद झाला की कॉइलमधला करंट या डायोडमधून निघतो आणि ड्रायव्हरच्या सप्लायच्या प्लस पट्टीवर, म्हणजे डीसी बसवर, परत येतो. ही वाट चांगलीच आहे. अडचण पुढे आहे. बसवर परत आलेली ऊर्जा जाणार कुठे? एसएमपीएस करंट देतो, घेत नाही. त्याच्या आउटपुटला रेक्टिफायर बसलेला असतो, त्यातून वीज मागे जात नाही. मग ती ऊर्जा बसवरच्या कॅपॅसिटरमध्ये साठते आणि व्होल्टेज चढतो. ड्रायव्हरची मर्यादा ४२ आणि बस ३९ वर असेल, तर चढायला जागा फक्त ३ व्होल्टची उरते.

म्हणून माझ्याकडे वाळूज, शेंद्र्याकडून कुणी जळका ड्रायव्हर घेऊन आलं, की माझा पहिला प्रश्न असतो: तो कधी गेला? चालू करताना, थांबताना, प्लग काढताना, की मधेच? नुसता जळका ड्रायव्हर बघून काही कळत नाही, चारही वेळी चिपला पडलेलं भोक सारखंच दिसतं. वेळ कळली की कारण निम्मं सापडतं. तुमचे तीन ड्रायव्हर तीन वेगळ्या कारणांनी गेलेत, आणि त्यातल्या एकावरही डायोड हा उपाय नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं झालंय.

पहिल्यापासून घेऊ.

इमर्जन्सीचा कॉन्टॅक्टर (बटणाने वीज तोडणारा मोठा रिले) तुम्ही एसएमपीएस आणि ड्रायव्हर यांच्या मधे, डीसीच्या तारेत घातला असणार. तसा नसता तर हा ड्रायव्हर वाचण्याची शक्यता बरीच होती. बहुतेक घरगुती बांधणीत तो तिथेच असतो. बटण दाबलं की कॉन्टॅक्टर उघडतो आणि त्याच क्षणी कंट्रोलर एनेबल, म्हणजे ड्रायव्हर चालू ठेवणारा सिग्नल, काढून घेतो. चारही ड्रायव्हरचे ब्रिज बंद. आता कॉइलमधली ऊर्जा बसवर यायला लागते, पण एसएमपीएसच्या पोटातले मोठे कॅपॅसिटर कॉन्टॅक्टरच्या पलीकडे राहिले. अलीकडे फक्त ड्रायव्हरच्या बोर्डावरचा छोटा कॅपॅसिटर उरला. तो १०० मायक्रोफॅरडचा धरू.

हिशोब करून बघा, अवघड नाही. कॉइलमधली ऊर्जा म्हणजे इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग, भागिले दोन. तुमच्या मोटरची इंडक्टन्स ४ मिलिहेन्री धरली, तर २.८ अँपिअरला साधारण १६ मिलिज्यूल येतात. (मायक्रोस्टेपिंगमध्ये, म्हणजे एका स्टेपचे बारीक भाग करून मोटर चालवताना, एका कॉइलमध्ये साइन आणि दुसरीत कोसाइन करंट असतो, त्यामुळे दोन्ही कॉइलची मिळून ऊर्जा कायम एवढीच राहते. ती दुप्पट धरायची नाही.) हे १६ मिलिज्यूल १०० मायक्रोफॅरडमध्ये गेले की ३९ व्होल्टचे ४२.८ होतात. मर्यादा तिथेच ओलांडली, गँट्रीची गती अजून हिशोबात धरलेलीच नाही. हाच कॅपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा असता तर ३९ चे ३९.४ झाले असते. आणि सप्लाय मुळात ३३ वर असता, तर काळजीच नव्हती.

आता गँट्री. लोखंडी चौकट, स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर), स्टेपर मोटर धरून २५ किलोचं धूड आहे असं समजा, आणि रॅक-पिनियनवर मिनिटाला १५ मीटरने पळतंय. त्या गतीत सुमारे ०.७८ ज्यूल ऊर्जा आहे, म्हणजे एका मोटरच्या कॉइलमधल्या ऊर्जेच्या जवळपास पन्नास पट. वेग कमी करायचा म्हणजे ही ऊर्जा काढून घ्यायची. काही भाग रेल, पिनियनच्या घर्षणात आणि मोटरच्या तांब्यात उष्णता होऊन जातो, पण उरलेला बसवर येतो. इथे एक गैरसमज फार आहे. फिरणाऱ्या मोटरचा व्होल्टेज सप्लायपेक्षा कमी असेल तर तो बसवर चढणार कसा, असं लोक विचारतात. १.९ न्यूटनमीटर, २.८ अँपिअरची मोटर मिनिटाला ६०० फेऱ्यांवर साधारण ३० व्होल्टचं शिखर देते. तुमच्या पिनियनवर त्या फेऱ्या बऱ्याच कमी, म्हणजे व्होल्टेज आणखी कमी. तरीही बस चढतो. कारण ड्रायव्हर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारा चॉपर आहे आणि मोटरची कॉइल हा त्याचा इंडक्टर. दोन्ही मिळून थांबताना बूस्ट कन्व्हर्टर तयार होतो. कमी व्होल्टेज घेऊन जास्त व्होल्टेजच्या बसमध्ये ढकलणं हेच त्याचं काम.

सगळीच्या सगळी ०.७८ ज्यूल बसवर आली असं धरलं, तर ३६ व्होल्टच्या बसवर १००० मायक्रोफॅरड असताना व्होल्टेज ५३ च्या वर जातो. ४७०० मायक्रोफॅरड असताना ४०.४ पर्यंतच थांबतो. हा वाईटात वाईट अंदाज आहे, प्रत्यक्षात याच्या खाली राहाल. पण कॅपॅसिटर कुठल्या मापाचा लागतो हे त्यावरून ठरवता येतं.

त्यामुळे पहिलं काम, कॉन्टॅक्टर डीसीच्या तारेतून काढून एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या बाजूला लावा. इमर्जन्सी दाबली की एसएमपीएसचा इनपुट तुटेल, कंट्रोलरला सिग्नल जाईल आणि पल्स थांबतील, आणि परत येणारी ऊर्जा घ्यायला सगळे कॅपॅसिटर जागेवर असतील. स्पिंडलचा व्हीएफडी (वेग ठरवणारा ड्राइव्ह) याच साखळीत वेगळा थांबला पाहिजे. झेड अक्षावर बॉल स्क्रू असेल, तर वीज गेल्यावर स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली सरकू शकतो आणि खाली येताना मोटरला जनरेटरसारखं फिरवतो. आठ किलोचा स्पिंडल १० सेंटिमीटर खाली आला तर त्यात जवळपास ८ ज्यूल असतात. तिथे ब्रेकवाली मोटर किंवा वजन तोलणारा गॅस स्प्रिंग लावा. ड्रायव्हरसाठी नाही तरी खाली कुणाचा हात असेल त्यासाठी.

आपल्याकडे ड्रायव्हर गेला की खापर लाईटवर फुटतं. एसएमपीएस असताना नुसती लाईट गेल्याने ड्रायव्हर सहसा जात नाही. पुरवठा तुटल्यावर बसचा व्होल्टेज खाली जातो, ड्रायव्हर स्वतः बंद होतो, आणि उरलीसुरली ऊर्जा अर्ध्या रिकाम्या बसवर येते. लाईट फडफडते तेव्हा मात्र धोका आहे. डीसी तारेतला कॉन्टॅक्टर तेव्हा खडखड करतो, आणि प्रत्येक खडखडीला बस तुटते आणि पुन्हा जोडली जाते. हे दुखणंही कॉन्टॅक्टर एसी बाजूला नेल्याने जातं.

दुसरा ड्रायव्हर. मोटर चालू असताना प्लग काढणं म्हणजे बोअरचं पाणी पूर्ण दाबाने चालू असताना व्हॉल्व्ह एका झटक्यात बंद करणं. कॉइलमधला करंट एका क्षणात थांबायला तयार नसतो. वाट तोडली, तर तो स्वतःचा व्होल्टेज वाढवून पिनांमधल्या हवेतून ठिणगी पाडत जातो. प्लग काढताना जी निळी ठिणगी दिसते ती हीच. त्या क्षणी ड्रायव्हरच्या आउटपुटवर काय व्होल्टेज येतो याला धरबंध नसतो. मोटर थांबलेली आहे म्हणून करंट नाही, असंही नाही. स्टेपर उभी असतानाही तिच्यात होल्डिंग करंट असतो. म्हणून ड्रायव्हरला वीज आहे तोवर मोटरच्या चार तारांना हात लावायचा नाही. ड्रायव्हर आणि मोटर यांच्या मधे स्विच, रिले, फ्यूज, एमसीबी काहीही घालायचं नाही. अक्ष अदलाबदल करून बघायचा असेल तर आधी एसएमपीएस बंद करा, ड्रायव्हरवरचा लाल दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबा, मग प्लग काढा. आणि शक्यतो मोटरचे प्लग बदलण्यापेक्षा ड्रायव्हरकडे जाणाऱ्या पल्स-दिशेच्या तारा बदला. तेवढ्यानेही बिघाड ड्रायव्हरच्या आधी आहे की ड्रायव्हर आणि त्याच्या पुढे, हे कळतं.

तिसरा, जो "आपोआप" गेला, त्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. कारण राउटरवर याच कारणाने ड्रायव्हर जातात आणि दोष मात्र एसएमपीएसला, चिनी मालाला, उन्हाला दिला जातो. केबल चेनमधून फिरणारी मोटरची तार आतून तुटलेली असते. बाहेरचं पीव्हीसी शाबूत, आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटलेले. शेवटचे चार-पाच तंतू उरतात. गँट्री एका विशिष्ट जागी आली की तिथला वाक उघडतो, संपर्क मिलिसेकंदभर सुटतो आणि पुन्हा लागतो. चालू मशीनमध्ये प्लग ओढण्यासारखंच हे, फरक एवढाच की हे दिवसातून शेकडो वेळा होतं आणि दिसत नाही. आधी एखादा स्टेप चुकतो, फुलाची पाकळी एक मिलिमीटर सरकते, आणि काही दिवसांनी ड्रायव्हर जातो.

तपासायचं असं. वीज बंद, दिवा विझलेला. ड्रायव्हरच्या बाजूने मोटरच्या चारही तारा सोडवा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून ए प्लस आणि ए मायनस या जोडीवर लावा. या मापाच्या मोटरला साधारण एक ओहमच्या आसपास रीडिंग येईल. प्रोबच्या तारांचाच पाव-अर्धा ओहम त्यात असतो, म्हणून आधी प्रोब एकमेकांना टेकवून तो बघून घ्या. प्रोब हाताने धरू नका, मगरचिमट्यांनी पक्के करा, नाहीतर हाताच्या हालचालीनेच आकडा नाचेल. आता दुसऱ्या माणसाला गँट्री एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू ढकलायला सांगा. तुमची नजर मीटरवर. फिरणारी मोटर थोडा व्होल्टेज बनवते म्हणून ढकलताना आकडा हलेल, तो सोडून द्या. दर वीतभर अंतरावर थांबा आणि स्थिर आकडा वाचा. मग चेनमधला वाक हाताने दाबा, पिळा, पुन्हा वाचा. १.२ चे मधेच १.९ झाले, किंवा ओपन दाखवलं, की चोर सापडला. मग दुसरी जोडी. दोन्ही वाय मोटरच्या तारा बघा, कारण चेनमधून जाणारी तार एका बाजूला लांब असते आणि तीच आधी तुटते.

साधी घरगुती फ्लेक्झिबल वायर केबल चेनमध्ये टिकत नाही. चेनसाठी बनवलेली, बारीक तंतूंची, हाय-फ्लेक्स म्हणून मिळणारी केबल घ्या, शील्डवाली असेल तर उत्तम. वाकाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या दहापटीच्या खाली जाऊ देऊ नका. केबल चेनमध्ये घट्ट बांधू नका, दोन टोकांना पकडा आणि मधे मोकळी सोडा. तारेच्या टोकांना सोल्डर लावून ती स्क्रू टर्मिनलमध्ये कसायची सवय असेल तर सोडा. शिसं-कथिल दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल पडतो आणि राउटरच्या थरथरीत संपर्क सुटतो. फेरूल, म्हणजे तारेच्या टोकावरची धातूची नळी, दाबून लावा.

आता कॅपॅसिटर. तुमच्या मशीनला मी ४७०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा एक कॅपॅसिटर बसवर, आणि शिवाय प्रत्येक ड्रायव्हरच्या टर्मिनलवर ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा एकेक लावेन. ६३ व्होल्टचाच, ५० चा नाही. ड्रायव्हरजवळचा कॅपॅसिटर चार-पाच सेंटिमीटरच्या आत हवा. पॅनेलच्या दुसऱ्या कोपऱ्यात, मीटरभर तारेच्या टोकाला लावलेला कॅपॅसिटर हळू चढणारा व्होल्टेज धरतो, पण मायक्रोसेकंदांचे झटके तारेच्या इंडक्टन्समुळे त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. कॅपॅसिटरवर १०५ अंश लिहिलेलं बघून घ्या, ८५ चा घेऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, बंद पॅनेलच्या आत, ड्रायव्हरच्या हीटसिंकशेजारी किती होत असेल याचा विचार करा. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांनी साधारण निम्मं होतं. सुकलेला कॅपॅसिटर बाहेरून चांगला दिसतो आणि आतून रिकामा असतो. दोन वर्षं व्यवस्थित चाललेलं मशीन उन्हाळ्यानंतर अचानक ड्रायव्हर खायला लागलं, तर मी आधी तेच बदलतो.

मोठ्या कॅपॅसिटरवर २.२ किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवा, म्हणजे मशीन बंद केल्यावर अर्ध्या मिनिटात तो रिकामा होईल. काही एसएमपीएस एवढा रिकामा कॅपॅसिटर समोर दिसला की शॉर्ट समजून चालू-बंद करत बसतात. तसं झालं तर मधे एनटीसी (थंड असताना करंट रोखणारा रेझिस्टर) टाका किंवा कॅपॅसिटर २२०० पर्यंत कमी करा.

टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा झटका शोषणारा) लावू का, हा पुढचा प्रश्न येणारच. लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. एसएमबीजे ३६ ए घेतला तर ३६ व्होल्टला तो शांत असतो. चाळीसच्या पुढे वाहायला लागतो, आणि पूर्ण करंटला, १०.३ अँपिअरला, त्याच्यावर ५८.१ व्होल्ट असतात. ४२ व्होल्टचा ड्रायव्हर तोवर संपलेला असेल. नावातल्या ३६ चा अर्थ "३६ ला अडवतो" असा नाही, "३६ पर्यंत काहीच करत नाही" असा आहे. टीव्हीएस मायक्रोसेकंदांच्या झटक्यांसाठी आहे. गँट्री थांबताना दर वेळी येणारी ऊर्जा त्याच्यावर सोडली तर तो तापून शॉर्ट होतो.

दुसरा एक सल्ला फिरत असतो, एसएमपीएस आणि ड्रायव्हर यांच्या मधे मोठा डायोड टाकायचा. त्याने एसएमपीएस वाचतो, ड्रायव्हर नाही. उलट एसएमपीएसच्या पोटातले कॅपॅसिटर ऊर्जा घेत होते तेही त्याने तोडले जातात. बसवर भरपूर कॅपॅसिटर असेल तरच हा डायोड टाकावा. आणि एक लक्षण ओळखून ठेवा: गँट्री जोरात थांबली की एसएमपीएस बंद पडतो आणि सगळे अक्ष एकदम गळतात. तेव्हा एसएमपीएस खराब नसतो. बस चढल्यामुळे त्याचं ओव्हर-व्होल्टेज संरक्षण लागलेलं असतं.

जड गँट्रीला पक्का उपाय ब्रेक रेझिस्टरचा. बस ठरावीक व्होल्टेजच्या वर गेली की एक ट्रान्झिस्टर चालू होतो आणि ऊर्जा वायरवाउंड रेझिस्टरमध्ये जाळतो. बस ३३ व्होल्टला असेल तर ३६ व्होल्टचा झेनर डायोड घ्या, तो त्या व्होल्टेजच्या वर वाहायला लागतो. त्याचा कॅथोड बसच्या प्लसला, अॅनोड १०० ओहममधून टिप १४२ ट्रान्झिस्टरच्या बेसला. बेस आणि एमिटरमध्ये १ किलोओहम. एमिटर ग्राउंडला. कलेक्टर आणि प्लस यांच्यात १० ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर. साधारण ३७.५ ते ३८ व्होल्टला हे काम करायला लागतं आणि झेनरच्या पाच टक्क्यांच्या फरकासकट ४० च्या आत राहतं. ट्रान्झिस्टरला हीटसिंक हवाच, कारण अर्धवट चालू असताना तोही तापतो. रेझिस्टरच्या वाटेत फ्यूज घाला. बस कुठल्याही कारणाने कायमची वर राहिली तर रेझिस्टर दिवसभर पेटत राहील, आणि शेजारी लाकडाचा भुसा आहे. रेझिस्टर पॅनेलच्या बाहेर, भुसा बसणार नाही अशा जागी लावा.

एसएमपीएसऐवजी टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि कॅपॅसिटर असा सप्लाय वापरणारे इकडे बरेच आहेत. तो उलटी ऊर्जा चांगली पचवतो, कारण कॅपॅसिटर मोठा असतो. पण त्याचा व्होल्टेज लाईनबरोबर हलतो. ३० व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर २३० ला ४१ व्होल्ट डीसी देतो, आणि लाईन २५५ झाली की साडेपंचेचाळीस. शेतीचे पंप बंद असतात तेव्हा आपल्या गावांत लाईन किती चढते हे मीटर लावून रात्रीच बघा, दुपारी नाही. टीबी ६६०० ला असा सप्लाय द्यायचा तर ट्रान्सफॉर्मर २२-२४ व्होल्टचाच घ्या.

लातूर, नांदेडच्या कॉलेजांतून प्रोजेक्टवाली मुलंही हेच विचारतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. ए ४९८८ सारखा छोटा ड्रायव्हर ३५ व्होल्टचा असूनही १२-२४ व्होल्टवर जोडताक्षणी मरतो, तेव्हा मोटरचा काही दोष नसतो. बोर्डवर फक्त सिरॅमिक कॅपॅसिटर असतो. तो आणि तारेची इंडक्टन्स मिळून जिवंत सप्लाय टोचताना व्होल्टेज जवळपास दुप्पट उसळतो. २४ चे ४८ झाले की संपलं. मोटर सप्लायच्या पिनांवर अगदी जवळ ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावा आणि स्विच एसएमपीएसच्या आधी, एसी बाजूला ठेवा. एल २९८ ही ड्रायव्हर चिप वापरत असाल तर मात्र बाहेरून डायोड लागतातच, कारण त्याच्या आत ते नाहीत. प्रत्येक आउटपुटपासून प्लसला एक आणि ग्राउंडला एक, असे आठ. तिथेही १एन४००७ फार मंद पडतो. यूएफ ४००७ सारखा वेगवान किंवा पुरेशा व्होल्टेजचा शॉट्की घ्या. यूएलएन २००३ या चिपवर छोटी युनिपोलर मोटर चालवताना नऊ नंबरची कॉमन पिन मोटरच्या प्लसला जोडायला विसरू नका, आतले डायोड त्या पिनेशिवाय निरुपयोगी आहेत.

परत तुमच्या मशीनकडे. नवीन ड्रायव्हर लावण्याआधी कॉइलवरचे डायोड काढा, ट्रिमपॉट उलटा फिरवून ३३ व्होल्ट करा, कॉन्टॅक्टर एसी बाजूला न्या, चेनमधली केबल वर सांगितल्याप्रमाणे तपासा. कॅपॅसिटर मग लावा. तुटकी केबल तशीच ठेवून कॅपॅसिटर लावलात तर पाचवा ड्रायव्हरही जाईल. ३३ वर रॅपिडचा वेग थोडा कमी मिळेल, प्रवेग थोडा खाली आणा. नंतर पैसे हाताशी आले की डीएम ५४२ सारखे ५० व्होल्टचे ड्रायव्हर घ्या आणि तेव्हा बस ३६ वर न्या, ४८ वर नाही. वरची जागा मोकळी ठेवायला त्याच्या मॅन्युअलमध्येच सांगितलेलं आहे. टीबी ६६०० या नावाने बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक खोक्यात तीच चिप असते असंही नाही, त्यामुळे खोक्यावरच्या ४२ च्या फार जवळ जाऊच नये.

हे सगळं झाल्यावर बस खरंच किती चढते ते मोजा. साधा मल्टिमीटर हा झटका पकडत नाही, पण त्याला मदत करता येते. बसच्या प्लसवरून एक यूएफ ४००७ घ्या, त्याच्या पुढे १ मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा पॉलिस्टर कॅपॅसिटर (अंगावर १०५ लिहिलेला) ग्राउंडला जोडा, आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्या कॅपॅसिटरवर लावा. डायोड वर चढू देतो, खाली येऊ देत नाही. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असेल, तर शिखराचा आकडा काही सेकंद टिकतो आणि वाचता येतो. त्यात डायोडचे ०.६ व्होल्ट मिळवा. स्पिंडल बंद ठेवून, बिट काढून, गँट्री एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पूर्ण वेगाने पळवा आणि मधेच इमर्जन्सी दाबा. चार-पाच वेळा करा, प्रत्येक वेळी आकडा लिहून ठेवा. ३८ च्या आत राहिला तर कामाला लागा. त्याच्या वर जात असेल तर प्रवेग आणखी कमी करा किंवा ब्रेक रेझिस्टर लावा, आणि तो आकडा मला कळवा.